चुन्याचा गोल

पठारावर आखलेल्या चुन्याच्या गोलाची चव सगळ्यात आधी मेंढ्यांनी घेतली. घरातली थोरली सून मागून धावत आली, काठी दगडावर आपटली, घसा फोडून ओरडली. पण तोवर पुढच्या तिघी-चौघींचे ओठ पांढरेफटक झाले होते. गाभण मेंढीच्या पोटात चुना गेला तर काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती. एकेकीची मान काखेत दाबून तिने पदराने तोंडं पुसून काढली.

"वहिनी, रेघ मोडली बघा तुमच्या मेंढ्यांनी," मागून दीर म्हणाला.

"तुमच्या?" थोरली वळली. "कालपर्यंत आपल्या होत्या."

दीर ओशाळला. अंगात पिवळंधमक जाकीट, हातात चुन्याची बादली. कंपनीने त्याला रोजावर धरला होता. दगड वेचायचे, झुडपं उपटायची, गोल आखायचा. त्या गोलात उडती गाडी उतरणार होती. विमान नव्हे, विमानं लोकांनी लांबून पाहिली होती, त्यांचं कुणाला काय! ही एकट्यादुकट्या माणसाची गाडी. मोटारसायकल घ्यावी तशी घ्यायची, बसायचं, आणि निघायचं ते सरळ वर. गाड्या उतरायला आणि लोकांना शिकवायला कंपनीला गावाचं हे पठार कायमचं हवं होतं. त्याआधी गावाला एकदा दाखवू, असं ठरलं होतं.

"रविवारी आहे," दीर म्हणाला. "तेवढ्यापुरती जनावरं खाली न्या ना."

"खाली कुठं? खाली पिकं उभी आहेत. आणि या बायांकडे बघ. आज विणार का उद्या, अशी गत. उतरताना निम्म्या वाटेतच बसतील."

"मी साहेबांना बोललो तसं. ते म्हणाले, मेंढ्या काय, कुठंही वितात."

"त्यांच्या आईला विचारून ये म्हणावं, कुठंही म्हणजे कुठं ते."

दीर हसला नाही. मोडलेल्या रेघेवर त्याने पुन्हा चुना ओतला. वाऱ्याने त्यातला अर्धा त्याच्याच पायांवर उडाला.

गावात दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर न्हावी गिऱ्हाईक सोडून बसायचा. "आता पाहुणे दारातून नाही यायचे, पत्र्यावर उतरतील. आधण ठेवायला तरी सवड देतील का?" कुणी म्हणायचं, दारुडे आतापर्यंत गटारात पडत होते, आता आपल्या डोक्यावर पडतील. एका म्हातारीने अंगणातल्या न्हाणीवर पोत्याचं छप्पर घालून घेतलं. गिरणीवाल्याला रात्रंदिवस शहर दिसत होतं; सकाळी जायचं, दुपारी जेवायला घरी. मास्तर तेवढे म्हणाले की खालचा रस्ता झाला असता तरी खूप होतं. त्यावर गावचा प्रमुख म्हणाला, "मास्तर, जग वर चाललंय आणि तुमचं लक्ष अजून खड्ड्यात."

शाळेच्या पटांगणात सभा भरली तेव्हा थोरली कळपातून तशीच आली. निघता निघता एक मेंढी व्यायली होती. लुगड्याचा ओचा ओला होता, हाताला वास होता. ती बाकाच्या टोकाला टेकली तशा बाकावरच्या बायका सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेल्या. खुर्चीवर बसलेल्या कंपनीच्या साहेबाने खिशातून रुमाल काढला आणि नाकाशी न नेता नुसता हातात धरून ठेवला. तो नाकाशी नेला असता तर बरं, असं तिला वाटलं.

तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. नवऱ्याचं खुब्याचं हाड मोडल्यापासून घरातलं बाहेरचं बोलणं तिच्याकडे आलं होतं.

"मी नको म्हणत नाही," ती म्हणाली. "वीण उरकेपर्यंत थांबा. मग काय उडवायचं ते उडवा. गाभण जनावर दचकलं की गाभ टाकतं."

"म्हणजे मेंढ्यांच्या बाळंतपणासाठी जगाने थांबायचं?" प्रमुख म्हणाला. पटांगण खदखदून हसलं. साहेबही हसला, पण गोड. म्हणाला, "आजी, आवाज अगदी कमी असतो." थोरलीचे केस अजून काळे होते. आजी हा शब्द तिला हसण्यापेक्षा जास्त लागला.

ती खाली बसणार तोच बायकांमधून आवाज आला. "मला हवी आहे ती गाडी."

धाकटी उभी होती. तिची सख्खी जाऊ, दिराची बायको. तिने मागच्या पावसाळ्यापासून चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, म्हणून हसणारे आपोआप गप्प झाले.

"ही गाडी तेव्हा असती तर माझं पोर घाटात गेलं नसतं," धाकटी म्हणाली. "जीप चिखलात रुतली होती. तुम्ही ढकलायला आला होता, न्हावीदादा. तुम्हीही होता. मेंढ्या कुणाच्या का असेनात. मला हवी आहे."

थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवूनच अडलेली धाकटी त्या जीपमध्ये पडली होती. पोराला गुंडाळलं होतं तेही थोरलीच्याच पदरात. सभा उठली तेव्हा दोघी एकाच वाटेने घरी गेल्या, एक पुढे, एक बरीच मागे.

त्यानंतर घरात कामापुरते शब्द उरले. पाणी. दोरी. विळा. सकाळी दोघी पठाराच्या पलीकडच्या टोकाला जायच्या. तिथं कड्याच्या अलीकडे एक खोलगट भाग होता, वारा कमी लागायचा. चुन्याच्या गोलापासून तेवढी एकच जागा लांब होती. रविवारी कळप तिथं कोंडायचं ठरलं. जमीन खडकाळ, मेख घातली की वीतभर जाऊन अडायची. थोरली घण मारायची आणि धाकटी मेख धरायची. घण चुकला असता तर धाकटीची बोटं गेली असती, पण धाकटीने एकदाही हात मागे घेतला नाही आणि थोरलीने एकदाही जपून मारतेय असं दाखवलं नाही. दोरीची जाळी दुहेरी केली. तळहाताचे फोड फुटून दोरीला चिकटले.

घरी थोरलीचा नवरा भिंतीला टेकून लोकर कातत बसलेला असायचा. एका संध्याकाळी तो म्हणाला, "तुम्हा दोघींपेक्षा मेंढ्या जास्त बोलतात."

"त्यांना बोलायला विषय आहे," थोरली म्हणाली.

रविवारी उन्हं तापायच्या आत पठार माणसांनी फुललं. आजूबाजूच्या गावांचे लोक डबे बांधून आले होते. दीर पिवळ्या जाकिटात दोरीपाशी उभा राहून लोकांना मागे लोटत होता. पलीकडच्या टोकाला थोरली जाळीपाशी, आणि काठीवर भार टाकून आलेला तिचा नवरा. मेंढ्या तोंडं एकत्र करून उभ्या होत्या.

गाडी डोंगराआडून आली. आधी आवाज आला, पत्र्याच्या डब्यात मधमाश्यांचं मोहोळ कोंडल्यासारखा. मग ती दिसली: काचेचा टोप, आत दोन खुर्च्या, भोवती गरगरणारे पंखे. खाटेपेक्षा फार मोठी नव्हती. कळपातून एक थरथर गेली, पण मेंढ्या जागच्या हलल्या नाहीत. गाडी बरोबर गोलात उतरली. पंखे थांबले. थोरलीने श्वास सोडला. चालवणारी एक पोरगेलीशी बाई होती, केस कापलेले, चेहरा दमलेला. ती उतरली तेव्हा लोकांनी आधी पाहिलं ते तिच्या बुटांकडे.

"आता गावातलं कुणीतरी बसा," साहेब ओरडून म्हणाला. "प्रमुखसाहेब, मान तुमचा!"

"माझा रक्तदाब," प्रमुख म्हणाला. गिरणीवाल्याला सगळे पुढे ढकलू लागले, तर तो म्हणाला की गिरणी चालू ठेवून आलोय. हशा चालला होता, आणि त्या हशातून धाकटी दोरीखालून वाकून गोलात गेली.

"अगं ए!" दीर ओरडला. जाकीट घातलेला माणूस स्वतःच्या बायकोला अडवू शकला नाही. तिने पदर कमरेला खोचला आणि खुर्चीत बसली. चालवणारीने तिच्या छातीवरून पट्टा ओढून लावला.

गाडी उठली तशी धूळ उठली आणि त्या धुळीबरोबर हजार गळे उठले. शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. यंत्राचा आवाज मेंढ्यांनी सोसला होता. माणसांचा त्यांना सोसला नाही. कळप एकदम एका अंगाला गेला. एक मेख दात उपटावा तशी वर आली, मग दुसरी. थोरलीने जाळी दोन्ही मुठींत धरली आणि जाळीबरोबर ती दगडांवरून फरफटत गेली. कोपर सोललं, तोंडात माती गेली. मग जाळी हातातून निसटली.

आवाज मागून येत होता, म्हणून मेंढ्या पुढे धावल्या. पुढे कडा होता.

ती उठून धावली. ओरडली. रोज ज्या हाकेला सगळा कळप मान वळवायचा, ती हाक तिला स्वतःलाही ऐकू आली नाही. नवरा काठी टाकून दोन पावलं पळाला आणि कोसळला. पुढच्या मेंढ्यांच्या पुढे आता गवत संपून नुसतं आभाळ दिसत होतं.

तेवढ्यात तिच्या डोक्यावरून सावली गेली. गाडी तिरकी होत कळपाच्या पुढे गेली, कड्यावरून बाहेर गेली, आणि तिथून तोंड फिरवून खाली आली, इतकी खाली की गवत झोपलं. मेंढ्यांच्या तोंडावर धुळीची भिंत आली. पुढच्या बिचकल्या, वळल्या. मागच्या त्यांच्या अंगावर चढल्या. एकीवर एक असा लोकरीचा ढीग झाला, गोल गोल फिरला, आणि थांबला. कळप वाचला होता. मधोमध ज्या तुडवल्या गेल्या त्या उठायला धडपडत होत्या.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेब पळत आला. "पाहिलंत? मेंढरंसुद्धा राखते!" त्याने थोरलीला दंडाला धरून गाडीशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. कोपरातून रक्त गळत होतं. हात झटकून निघून जावं असं तिला वाटत होतं, पण तुडवल्या गेलेल्या मेंढ्या मोजता मोजता ती उभीच राहिली. फोटोत ती हसतेय असं नंतर लोक म्हणाले. दात घट्ट आवळले की तसं दिसतं.

संध्याकाळी पहिलीने गाभ टाकला. नंतरचे दिवस त्यातच गेले. सकाळी मेंढ्यांच्या वाड्यात शिरलं की कोपऱ्यात काहीतरी ओलं, बिनकेसांचं पडलेलं असायचं आणि मेंढी ते चाटत उभी असायची. थोरली खड्डे खणायची. जमीन तीच, कठीण. धाकटीही दुसरी कुदळ घेऊन यायची. तिला कुणी ये म्हणालं नव्हतं आणि जा म्हणायची ताकद थोरलीत नव्हती.

"वळवायला मीच लावली," धाकटी एकदा खणता खणता म्हणाली. "तिचा खांदा धरून हलवला मी. ती घाबरली होती."

"माहीत आहे."

"आणि माझ्यापायीच गाडी उठली."

थोरलीने कुदळ थांबवली नाही. "लोकांपायी उठली. तू नसतीस तर दुसरं कुणी बसलं असतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "दुसरं कुणी बसलं असतं, तर वळवली नसती."

धाकटी मातीच्या ढिगावर बसली. "जाऊबाई, वरून दवाखाना दिसला."

"कुठला?"

"आपण निघालो होतो तो. लाल पत्र्याचा. या डोंगराच्या पाठीलाच आहे. इतका जवळ. माणसं दिसली मला अंगणात, कपडे वाळत घातलेले दिसले. आपण दिवसभर घाटात वळणं मोजत होतो, आणि तो इथं, भिंतीपलीकडे होता."

थोरलीने कुदळ खाली ठेवली.

"मी त्या चालवणारीला विचारलं, बाई अडली तर नेशील का? म्हणाली, बसून नेईन, आडवी नाही मावायची. म्हटलं, पावसात? तर म्हणाली, पावसात ही उडत नाही. वाऱ्यातही नाही." धाकटीने नाक पदराने पुसलं. "मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलता आलं असतं तिला. नाही बोलली. आणखी म्हणाली, पठारावर वारा फार, उतरायला खरी जागा तळ्याकाठी आहे. तिने साहेबाला सांगितलं होतं. पण तळ्याकाठचं शेत प्रमुखाचं."

मग थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचा हात मातीने भरला होता आणि धाकटीच्या झंपरावर त्याचा ठसा उमटला.

पठार द्यायचं की नाही हे ठरवायला पुन्हा सभा भरली. ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. लोक हात वर करायलाच आले होते. साहेब होता, भिंतीला टेकून ती चालवणारीही होती. थोरली उभी राहिली आणि किती कोकरं पुरली ते सांगू लागली, तर प्रमुखाने मधेच हात केला.

"वाईट झालं. पण कळप वाचला तो गाडीमुळे, हे विसरू नका."

"घर पेटवणाऱ्यानेच बादलीभर पाणी ओतलं, तर त्याला काय म्हणायचं?"

या वेळी कुणी हसलं नाही. प्रमुख चिडून म्हणाला, "तुमच्या घरातच एकमत नाही. धाकटीला विचारा की."

"मला अजून हवी आहे," धाकटी उठून म्हणाली. प्रमुखाचा चेहरा खुलला. "पावसात उडत नाही, तरी हवी आहे. उन्हातही माणसं मरतात. पण पठारावर नको. तळ्याकाठी उतरवा. तिथं वारा नाही. या बाईंना विचारा."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. चालवणारीने साहेबाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तीच जागा चांगली आहे," ती म्हणाली. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

साहेब खाकरला. "जागा म्हणून... हो, उत्तम आहे. प्रमुखसाहेब तयार असतील तर आम्हाला आनंदच आहे."

प्रमुखाने पाण्याचा पेला उचलला आणि खाली ठेवला. "तिथं विहीर आहे. हादऱ्याने कठडा ढासळेल." शेजारच्या शेताचा मालक गिरणीवाला, तो कधीच बोलायला उठायचा नाही, आता उठला. "आणि आमच्या म्हशी? आवाजाने दूध आटेल त्यांचं."

"म्हणजे म्हशी दचकतात," न्हावी मागून म्हणाला, "मेंढ्या तेवढ्या दचकत नाहीत?"

पटांगण हसलं, पण हे हसणं वेगळं होतं. नंतर जो तो बोलू लागला. आवाज फारच होतो. धूळ पिकावर बसते. वरून पडलं तर भरपाई कोण देणार? जे हात वर व्हायला आले होते ते एकमेकांकडे बोटं दाखवू लागले. प्रमुख म्हणाला, "विचार करू, घाई नको." साहेब म्हणाला, "आम्ही कळवू." दीर शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने अंगातलं जाकीट काढलं, नीट घडी केली, आणि मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिला.

कंपनीचे ट्रक दुसऱ्या आठवड्यात गेले. दरीपलीकडच्या गावाशी बोलणं चाललंय असं कळलं. मग गावाला एकाएकी गाडीचं फार वाईट वाटू लागलं. बायकांनी गावाचं नशीब घालवलं, असं टपरीवर लोक म्हणू लागले. सभेत ज्यांनी म्हशींची काळजी केली, तेच मोठ्याने म्हणत होते. ज्या पोटुशी बायका धाकटीकडे आशेने बघत होत्या, त्या आता हापशावर तिला पाहून घागर बाजूला घेत. दिराचा रोज गेला होता. तो घरात जेवायचा, पण ताटावरून नजर वर करायचा नाही. थोरलीने त्याला पुन्हा मेंढ्यांमागे पाठवलं. "आपल्याच आहेत," एवढंच ती म्हणाली.

वीण संपत आली होती. एका दुपारी म्हातारी मेंढी जुळं घालून मेली. त्यातलं एक कोकरू जगलं. थोरलीने ते उचललं आणि जिने गाभ टाकला होता पण जिची कास अजून तट्ट होती, अशा एकीपाशी नेलं. मेंढीने हुंगलं आणि डोक्याने धडक मारली. कोकरू कोलमडलं. पुन्हा लावलं, पुन्हा धडक. तिसऱ्या वेळी लाथ बसली आणि थोरलीच्या बऱ्या होत आलेल्या कोपराची खपली निघाली.

"राहू दे," थोरली म्हणाली. "बाटलीने पाजू. ही नाही घ्यायची."

धाकटी गवताचा भारा टाकून आली. तिने मेंढीला भिंतीशी रेटलं, गुडघा तिच्या बरगडीला लावला आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड धरून आपल्या तोंडाजवळ आणलं. मेंढीच्या नाकपुड्या फुलत होत्या. ती थरथरत होती आणि तिला रेटून धरलेल्या धाकटीचे दंडही.

"नको घेऊस," धाकटी तिला म्हणाली. "आपलं म्हणून नको घेऊस. कोण म्हणतंय? नुसती उभी राहा."

थोरलीने कोकराचं तोंड कासेला लावलं. मेंढीने एकदा पाय आपटला. कोकराने आचळ सोडलं, शोधलं, पुन्हा धरलं, आणि त्याची शेपटी हलू लागली. मेंढीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं नाही. धाकटीने तिचं तोंड सोडलं नाही. मेंढी उभी राहिली.